पहिले प्रशिक्षण हिंगोली आगारात व्हावे

मा. जिल्हाधिकारी, हिंगोली यांस,



मानवी तस्करी ओळखायला प्रवासमार्गावरच्या कर्मचाऱ्यांना शिकवावे, हा विचार जगभर रुजतो आहे. अमेरिकेने 2016च्या कायद्याने विमानातील सेवकवर्गाला असे प्रशिक्षण सक्तीचे केले. आपल्या जिल्ह्याला ना समुद्र, ना विमानतळ. तरीही हे पत्र आपल्याला लिहीत आहे, कारण आपल्याकडचे फसवलेले माणूस मुंबईच्या विमानतळावर पोचण्याआधी एसटीत बसते किंवा रेल्वेच्या फलाटावर थांबते. हिंगोली, वसमत, कळमनुरीची आगारे आणि पूर्णा-अकोला मार्गावरची स्थानके हीच आपली बंदरे आहेत. 2024पासून मुंबईची जनशताब्दीही हिंगोलीपर्यंत येते. दळणवळण वाढले, तशी दक्षताही वाढायला हवी.

तस्करी म्हटली की तोंड दाबून पळवून नेलेली मुलगी डोळ्यांसमोर येते. पण अनेकदा माणूस स्वतःच्या पायांनी निघालेला असतो. खिशात तिकीट असते, सोबत ओळखीचा माणूस असतो. कुणाला घरकामाची नोकरी सांगितलेली असते, कुणाला हुंड्याशिवाय लग्न, कुणाला परदेशातला पगार. भारतीय न्याय संहितेच्या कलम 143नुसार शोषणासाठी फसवून किंवा आमिष दाखवून नेणे हीदेखील तस्करीच आहे, आणि पीडित व्यक्तीची संमती होती हा बचाव तिथे चालत नाही. ऊसतोडीसाठी मुकादमाकडून उचल घेणे हा गुन्हा नाही. पण उचल फिटली नाही म्हणून कुटुंबाला डांबून ठेवणे 1976च्या वेठबिगारविरोधी कायद्याने गुन्हा आहे. त्या कायद्याखालच्या जिल्हा दक्षता समितीचे अध्यक्षपद आपल्याच कार्यालयाकडे असते. म्हणून पुढाकार आपण घ्यावा.

एसटीचा वाहक प्रत्येक प्रवाशापाशी जातो, कुठे जायचे ते विचारतो, अर्ध्या तिकिटासाठी मुलाचे वयही विचारतो. एवढी जवळून चौकशी प्रवासात दुसरे कोणीच करत नाही. त्याला काय पाहायचे ते मात्र नीट शिकवले पाहिजे, कारण अर्धवट संशयाची किंमत महाराष्ट्राने मोजली आहे. धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात 1 जुलै 2018 रोजी नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुले पळवणारे समजून जमावाने ठार मारले. मे 2023मध्ये मदरशात शिकायला निघालेली बिहारची 59 मुले दानापूर-पुणे एक्स्प्रेसमधून भुसावळ आणि मनमाडला उतरवली गेली. त्यांच्यासोबतच्या पाच जणांना तस्करीच्या आरोपाखाली तुरुंगात राहावे लागले. पुढे गैरसमजातून गुन्हा नोंदवला गेल्याचे सांगत पोलिसांनीच ते प्रकरण बंद केले. मुलांची आणि पालकांची ताटातूट मात्र होऊन गेली होती.

म्हणून प्रशिक्षणाचा पहिला धडा हा असावा की टोपी, भाषा, जात किंवा पाठीवरचे बिऱ्हाड हा पुरावा नव्हे. पाहायचे ते वेगळे. आपण कुठे चाललो हे मुलाला ठाऊक आहे का? मुलीला विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर सोबतचाच माणूस देतो का? तिचे आधार कार्ड आणि मोबाइल त्याच्याच ताब्यात आहेत का? घरी फोन लावू म्हटले तर तो टाळतो का? यातली एखादीच खूण निर्दोष असू शकते. अनेक एकत्र दिसल्या तर कळवावे.

दुसरा धडा त्यापुढचा. आरडाओरडा करू नये, गर्दी जमवू नये, फोटो काढून पसरवू नयेत. शांतपणे 1098 किंवा 112वर आणि रेल्वेत 139वर कळवावे. ताब्यात घेतलेले मूल 24 तासांत बालकल्याण समितीपुढे गेले पाहिजे, हेही प्रत्येकाला माहीत असावे.

एसटीचा परभणी विभाग, रेल्वेचा नांदेड विभाग, पोलीस आणि बालकल्याण समिती यांना आपण एकत्र बोलवावे. वाहक, वाहतूक नियंत्रक, तिकीट तपासनीस, हमाल आणि स्थानकाबाहेरचे रिक्षाचालक अशा सर्वांना अर्ध्या दिवसाचे प्रशिक्षण द्यावे. सद्भावनेने कळवणाऱ्याचे नाव गुप्त राहील आणि त्यामुळे गाडीला झालेल्या उशिराची शिक्षा त्याला होणार नाही, असे लेखी आश्वासनही द्यावे. त्याशिवाय कोणी पुढे येणार नाही.

दसरा-दिवाळीला ऊसतोडीच्या टोळ्या गाव सोडू लागतात. त्याआधी पहिले प्रशिक्षण हिंगोली आगारात व्हावे आणि त्याची तारीख आपण जाहीर करावी, ही कळकळीची विनंती.

आपला,
हिंगोली जिल्ह्यातील एक नागरिक