चाचांची जीप आणि दोनशे घोडे

बकरी ईदला माझा भाचा नवी कोरी एसयूव्ही घेऊन आपट्याला आला. कुवेतमधली शिल्लक आणि वर बँकेचं कर्ज. “खाला, दोनशे अश्वशक्ती!” अंगणात चाचांची जुनी महिंद्रा एमएम ५४० उभी होती. कापडी हूड, पाट्यांच्या स्प्रिंगा, साठ-बासष्ट अश्वशक्ती. माझे चाचा म्हणजे त्याचे नाना. तो हसून म्हणाला, “नाना, ही आता भंगारात द्या.” चाचा काही बोलले नाहीत.

जेवणं झाल्यावर मित्रांना घेऊन तो पाताळगंगेच्या काठच्या शेतात व्हिडिओ काढायला गेला. दोन दिवस पाऊस पडून गेलेला. तासाभरात फोन आला, गाडी रुतली. आम्ही पोचलो तेव्हा पुढची चाकं जागेवर फिरत होती. तो जितका ॲक्सिलरेटर दाबे तितकी ती खोल जात.

चाचांनी दोर बांधला, छोटा लिव्हर ओढला आणि जीप माणसाच्या चालीने पुढे काढली. गाडी बाहेर आली.

शाळेत गिअरचं तत्त्व सायकलवरून शिकवतो, तेच इथे आहे. त्या लिव्हरने चारही चाकं इंजिनाला जोडली जातात आणि वेग सुमारे अडीच पट कमी होऊन चाकांची ओढ तितकीच वाढते. भाच्याची गाडी पुढच्या दोन चाकांवरच चालते. तिचे दोनशे घोडे डांबरी रस्त्यावरच्या वेगासाठी आहेत. दिसायला उंच आणि दणकट असली की गाडी कुठेही जाते, हा समज जाहिरातींनी करून दिलेला.

या जीपचा इतिहासही आपल्या वाचकांना माहीत असावा. १९४५ साली महिंद्रा बंधूंनी अलीगढमध्ये शिकलेल्या मलिक गुलाम मुहम्मद यांच्याबरोबर कंपनी काढली. नाव ‘महिंद्रा अँड मोहम्मद’. १९४७ मध्ये विलीज जीप इथे जोडायला सुरुवात झाली. फाळणीनंतर गुलाम मुहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, पुढे गव्हर्नर जनरलही. १९४८ मध्ये कंपनीचं नाव बदललं, पण ‘एम अँड एम’ ही अक्षरं तशीच राहिली.

चाचांच्या जीपचं उगाच कौतुक मात्र नको. तिला एअरबॅग नाही, मागे समोरासमोरचे बाक, पट्टे नाहीत. गोवा हायवेवर मुलांना मी तिच्यातून पाठवणार नाही. चाचा स्वतःही मुंबईला डोळे दाखवायला भाच्याच्याच गाडीतून गेले आणि परत येईपर्यंत मस्त झोपले. पण याच भाच्याच्या वेळी त्याच्या आईला भर पावसात, रात्री दोन वाजता पनवेलला नेलं ते या जीपनेच. तेव्हा गावात दुसरी गाडी मिळणं कठीण होतं.

संध्याकाळी चिखल धुताना चाचांनी विचारलं, “हप्ता किती वर्षं?”

“सात.”

“व्याज धरून?”

भाचा पाइप धरून उभा राहिला. जीप घेताना जमातीतल्या दोघांनी चाचांना कर्जे-हसना दिलं होतं, हे त्याला ठाऊक नव्हतं. मीच सांगितलं.

“नाना, फेडायला किती दिवस लागले?”

“चार वर्षं. एका साली भात बुडालं, तेव्हा दोघंही थांबले.”

रात्री तो माझ्याकडे वही-पेन मागायला आला. सातऐवजी तीन वर्षांत फेडायचं तर महिन्याला किती भरावे लागतील, याचा आम्ही बराच वेळ हिशोब करत बसलो.