‘पाण्याचा अंदाज न आल्याने...’

पोस्ट जरा मोठी आहे, पण पावसाने जोर धरलाय, म्हणून शेवटपर्यंत वाचा.

वीसेक वर्षं बातम्या लिहितोय. दर पावसाळ्यात एक वाक्य हमखास लिहावं लागतं : ‘पाण्याचा अंदाज न आल्याने अमुक जण वाहून गेला.’ आता हे वाक्य लिहायची लाज वाटते. अहो, गढूळ पाण्याचा अंदाज कुणालाच येत नाही. खाली फरशी शिल्लक आहे की वाहून गेलीय, हेसुद्धा वरून कळत नाही.

३० जून २०२४चा रविवार आठवा. लोणावळ्याला भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात पुण्यातल्या एकाच कुटुंबातले पाच जण गेले. त्यात चार लहान मुलं. एकमेकांना घट्ट धरून प्रवाहात उभे असलेले ते लोक आपण सगळ्यांनी मोबाईलवर पाहिले. खाली लगेच कमेंट, ‘कशाला जायचं मरायला?’ पण पाऊस वर डोंगरात पडतो आणि लोंढा खाली येतो. जिथे उभे आहात तिथे ऊन असलं तरी पाच-दहा मिनिटांत पाणी वाढू शकतं.

आणि पर्यटकांना नावं ठेवणारे आपण काय करतो? फरशीवरून पाणी जात असताना दुधाचे कॅन लावून गाडी घालतो. पोराला शाळेतून आणायचंय म्हणून घालतो. एसटीच्या ड्रायव्हरने गाडी थांबवली तर त्यालाच शिव्या देतो. वाहतं पाणी अर्धा फूट असलं तरी धडधाकट माणसाचे पाय निसटतात. एक फुटात लहान कार तरंगायला लागते, दोन फुटांत मोठी गाडीही वाहून जाते.

मी काही शहाणा नव्हतो. काही वर्षांपूर्वी पुराचा फोटो काढायला मोटरसायकल फरशीवर घातली होती. मागून एक आजोबा ओरडले, “ओ पेपरवाले, बातमी द्यायचीय का बातमी व्हायचंय?” चडफडत मागे फिरलो. थोड्याच वेळात त्याच फरशीवरून अख्खं झाड वाहत गेलं. आजोबांचे पाय धरायचे राहिले, ते राहिलेच.

आता प्रशासनाबद्दल. दरवर्षी बंदीचा आदेश निघतो, फलक लागतो, काम संपलं. १५ जून २०२५ला मावळात कुंडमळ्याचा इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पडला, चार जण गेले. पूल धोकादायक असल्याचा फलक तिथेही होता. फलक माणसाला अडवत नाही, माणूसच माणसाला अडवतो. म्हणून माझं म्हणणं साधं आहे. प्रत्येक फरशीला पाण्याची खूण दाखवणारा रंगवलेला खांब हवा. पाणी खुणेला लागलं की दोन्ही बाजूंना आडवा बांबू पडला पाहिजे आणि तिथे एक माणूस उभा हवा. त्याची हजेरी ग्रामपंचायतीने द्यावी. त्या दिवशी पलीकडच्या वाडीतल्या पोरांची शाळेत गैरहजेरी लावू नये. याला काही कोटींचा निधी लागत नाही.

आपल्या हातातलंही सांगतो. ढगांचा गडगडाट ऐकू आला की पोहणं, मासे धरणं, गुरं धुणं बंद. पाण्यातून बाहेर या, झाडाखाली थांबू नका, पक्क्या घरात जा. शेवटचा गडगडाट झाल्यावर अर्धा तास तरी पाण्याकडे फिरकू नका. विजेच्या इशाऱ्यासाठी ‘दामिनी’ अ‍ॅप फुकट आहे, घरातल्या पोरांकडून घालून घ्या. कुणी वाहून जाताना दिसलं तर मागोमाग उडी टाकू नका, एकाचे दोन होतात. दोर टाका, झाकण लावलेला रिकामा कॅन टाका, लांब बांबू पुढे करा आणि ११२ला किंवा जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाला १०७७ वर फोन करा.

तुमच्या गावच्या फरशीचा फोटो कमेंटमध्ये टाका. पाणी नसतानाचा, काठावरून काढलेला. सगळे फोटो एकत्र करून मी स्वतः तहसील कार्यालयात नेऊन देतो आणि पोच घेतो.

वीस वर्षं लिहिलेलं ते वाक्य यंदा तरी मला लिहायला लावू नका.