धावण्याची वाट आणि घराचे दार

धावणाऱ्या माणसाला आपल्या वाटेचा मोठा अभिमान असतो. कोणत्या वळणावर वडाची सावली आहे, कोठे चढ लागतो, पावसाळ्यात कोणता भाग निसरडा होतो, हे त्याचे पाय जाणत असतात. अशी वाट गवसली की ती दुसऱ्याला दाखविल्यावाचून त्याला राहवत नाही. पूर्वी 'ओढा ओलांडा आणि डावीकडे वळा' एवढ्या शब्दांवर काम भागे. आता ते काम इंटरनेटवरील नकाशा करतो.

हा नकाशा उमटतो कसा, हे पाहण्यासारखे आहे. पृथ्वीपासून सुमारे २०,००० किलोमीटर उंचीवरून उपग्रह आपली जागा व वेळ सांगणारे संदेश अखंड पाठवीत असतात. मनगटावरील घड्याळ किंवा खिशातील फोन निदान चार उपग्रहांचे संदेश टिपतो, ते पोहोचावयास किती वेळ लागला यावरून अंतरे काढतो आणि आपण कोठे आहोत हे ठरवितो. दर काही सेकंदांनी असे एकेक टिंब पडत जाते. टिंबे जोडली की धावलेली वाट कागदावर काढावी तशी दिसू लागते.

आपले धावणे जगाला दाखविण्याची ही हौस कशासाठी, असे काही जण नाक मुरडून विचारतात. हौस त्यात आहे, हे खरेच. परंतु एकाची हौस दुसऱ्याच्या उपयोगी पडत असेल, तर बिघडले कोठे? नव्या शहरात राहावयास आलेल्या मुलीला पहाटे कोणत्या रस्त्याला वर्दळ असते आणि कोठला पदपथ मध्येच तुटतो, हे कोणी सांगावे? २००४ साली इंग्लंडमध्ये आरंभ झालेला 'ओपनस्ट्रीटमॅप' हा नकाशा असंख्य हौशी लोकांनी आपापल्या परिसरातील वाटा नोंदवूनच वाढविला आहे.

मात्र वाटेची रेघ धावणारा कोठून निघाला, हेही सांगते. 'स्ट्राव्हा' या कंपनीने नोव्हेंबर २०१७ मध्ये लोकांच्या १ अब्ज नोंदींचा मिळून एक जागतिक नकाशा प्रसिद्ध केला. त्यात कोणाचेही नाव नव्हते. जेथे पुष्कळ लोक धावले, सायकलीवरून फिरले, तेथे प्रकाश, इतरत्र अंधार. जानेवारी २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियातील एका विद्यार्थ्याच्या ध्यानात आले की, अफगाणिस्तान आणि सीरिया येथील ओसाड भागांतही काही आकृत्या उजळल्या आहेत. त्या लष्करी तळांच्या होत्या. तळावरील सैनिक व्यायामासाठी धावत आणि मनगटावरील यंत्र मुकाट्याने रेघ ओढी. कोणी फितुरी केली नव्हती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याने मोहिमेच्या प्रदेशात अशी ठिकाण सांगणारी सोय वापरण्यास बंदी घातली.

आपली नोंद नकाशात येऊ न देण्याची सोय त्या वेळीही होती. पण जी सोय शोधून काढावी लागते, ती पुष्कळांच्या बाबतीत नसल्यासारखीच. वास्तविक ती पहिल्यापासून लावलेली असावी आणि ज्याला दाखवावयाचे असेल त्याने ती काढावी. दाराला कडी आधी लावतात. चोर आल्यावर सुताराला बोलावीत नाहीत.

सैनिकांची ही कथा शाळकरी मुलांपासून फार दूरची नाही. रोज सकाळी सहाला ज्या फाटकापाशी रेघ सुरू होते आणि पाऊण तासाने जेथे संपते, ते घर कोणाचे व केव्हा कोण बाहेर असते, हे सांगावयास ज्योतिषी लागत नाही. म्हणून अशा अनेक ॲपांत घराभोवतीचा काही भाग झाकता येतो. ते न जमल्यास कोपऱ्यावरच्या चौकात पोहोचल्यावर घड्याळ सुरू करावे आणि परतताना तेथेच बंद करावे. रेघ दोन-तीनशे मीटरांनी तोकडी होईल, एवढेच. वडाची सावली, तो चढ आणि पावसाळ्यातील निसरडा भाग मात्र नव्याने येणाऱ्याला पूर्वीइतकाच नीट दिसेल.