पाहणाऱ्यालाही नियम हवा

दिवाळीच्या आठवड्यात बाजारपेठेत शिरलेला माणूस संध्याकाळपर्यंत किती कॅमेऱ्यांसमोरून गेला, याचा हिशेब कोणी ठेवत नाही. सराफी पेढीत, कापड दुकानात, मिठाईवाल्याच्या गल्ल्यावर, पेट्रोल पंपावर, लॉजच्या काउंटरमागे कॅमेरा असतोच. त्यांतले बरेचसे मालकांनी आपण होऊन बसवलेले असतात. चोराच्या भीतीने, आणि थोडेफार आपल्याच नोकरांवरच्या अविश्वासाने. पण गेल्या दहा-पंधरा वर्षांत दुसऱ्या जातीचा कॅमेरा वाढला आहे. तो कायद्याने, पोलिसांच्या आदेशाने किंवा परवान्याच्या अटीने बसवायला लावलेला असतो. सणासुदीच्या गर्दीची सुरक्षितता हे त्याचे नेहमीचे समर्थन असल्यामुळे सणाच्या अंकातच त्याचा विचार करायला हरकत नसावी. आमचा या सक्तीला सरसकट विरोध नाही. काही व्यवसायांत ती रास्त आहे. आमची तक्रार अशी, की हे नियम अर्ध्यावर लिहिलेले असतात. कॅमेरा कुठे बसवायचा आणि चित्रण किती दिवस सांभाळायचे हे मालकाला बारकाईने सांगितले जाते. पण ते चित्रण कोणी, कशासाठी, कोणत्या कागदावर सही करून पाहायचे, याबद्दल नियम बोलत नाही. पाहणाऱ्याला बांधणारा दुसरा अर्धा भाग लिहिला जात नाही तोवर पहिल्याची सक्ती करण्याचा नैतिक अधिकार सरकारला पुरता मिळत नाही.

या सक्तीचा आपल्याकडचा ठळक नमुना हैदराबादचा. २१ फेब्रुवारी २०१३ रोजी दिलसुखनगरच्या गजबजलेल्या भागात बॉम्बस्फोट झाले आणि त्याच वर्षी तेव्हाच्या आंध्र प्रदेशाने सार्वजनिक सुरक्षिततेचा कायदा केला. जिथे एका वेळी शंभर किंवा दिवसभरात पाचशे माणसे जमतात अशा आस्थापनांना त्याने कॅमेरे बंधनकारक केले, तीस दिवसांचे चित्रण जपायला सांगितले आणि पोलीस निरीक्षकाने मागितल्यावर ते देण्याची जबाबदारी मालकावर टाकली. खर्चही मालकाचाच. पुढे कर्नाटकाने २०१७ साली आणि गुजरातने २०२२ साली याच धर्तीचे कायदे केले. या रचनेत एक गोष्ट चटकन ध्यानात येत नाही. आज्ञा मालकाला आहे, पण चित्रात मालक अभावानेच असतो. असतात ती गिऱ्हाइके, नोकर, वेटर, रुग्ण, उतारू. म्हणजे सरकार एका नागरिकाला दुसऱ्याची नोंद ठेवायला लावते, आणि तो दुसरा या व्यवहारात कुठेच पक्षकार नसतो.

चित्रातल्या या तिसऱ्या माणसाचा प्रश्न महाराष्ट्रातच सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि गंमत अशी की तो नेला बारमालकांनी. २००५ साली राज्याने डान्सबारवर बंदी घातली. मुंबई उच्च न्यायालयाने ती २००६ साली रद्द ठरवली, सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली तो निकाल उचलून धरला. बंदी टिकेना तेव्हा सरकार अटींकडे वळले. नृत्याच्या जागेवर कॅमेरे लावा आणि त्याचे थेट प्रक्षेपण पोलिसांच्या नियंत्रण कक्षाला द्या, ही त्यांतली एक अट. मार्च २०१६ मध्ये न्यायालयाने ती छाटून कॅमेरे प्रवेशद्वारापुरते ठेवले. लगेचच राज्याने नवा कायदा आणि नवे नियम केले, त्यांत नृत्याच्या जागेवरचा कॅमेरा पुन्हा आला. १७ जानेवारी २०१९ रोजी न्यायमूर्ती सिक्री आणि न्यायमूर्ती अशोक भूषण यांच्या खंडपीठाने तो खासगीपणाच्या हक्काविरुद्ध असल्याचे सांगून रद्द केला. २०१७च्या पुट्टस्वामी निकालात नऊ न्यायमूर्तींनी हा हक्क मूलभूत ठरवला होता, त्याचा आधार येथे उपयोगी पडला. राज्याच्या या नव्या कायद्याच्या लांबलचक नावातच तेथे काम करणाऱ्या स्त्रियांच्या प्रतिष्ठेचे रक्षण आहे. ज्यांच्या प्रतिष्ठेसाठी कायदा, त्यांच्याच अंगावर रोज रात्री रोखलेला कॅमेरा, आणि त्याचे चित्र पाहायला पोलीस! दारावरचा कॅमेरा मात्र न्यायालयाने नाकारला नाही, हेही तितकेच महत्त्वाचे. कोण आले, कोण गेले याची नोंद ठेवणे वेगळे आणि आत बसलेल्या माणसाकडे सतत बघत राहणे वेगळे, ही रेघ त्या निकालाने आखली. बाकीच्या व्यवसायांच्या नियमांत ती अजून उतरलेली नाही.

नोंद ठेवायला लावणे हे काही कॅमेऱ्यापासून सुरू झालेले नाही. ब्रिटिशांनी १८६७ साली सराई कायदा करून, मॅजिस्ट्रेटने मागितल्यास उतारूंची माहिती कळवणे सराईवाल्यावर बंधनकारक केले. आजचे लॉजचे रजिस्टर हा त्याच घराण्यातला वंशज. अशाच रजिस्टरवरून अमेरिकेत झालेला एक खटला आपल्या कामाचा आहे. लॉस एंजेलिस शहराच्या नियमाप्रमाणे हॉटेलवाल्याला पाहुण्यांची नोंद ठेवावी लागे आणि पोलीस केव्हाही आले तरी ती दाखवावी लागे. नकार दिला तर तो गुन्हा. याविरुद्ध उभे राहिलेले मोटेलमालक आडनावाने पटेल होते. जून २०१५ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी त्यांच्या बाजूने कौल दिला. नोंद ठेवण्याच्या सक्तीला न्यायालयाने हात लावला नाही. कोणा तटस्थ अधिकाऱ्याकडे दाद मागण्याची संधी न देता जागच्या जागी नोंद दाखवायला लावणे तेवढे घटनाबाह्य ठरवले. मालकाने हरकत घेतली तरच ती पायरी चढावी लागते, आणि बहुतेक मालक हरकत घेत नाहीत. त्यामुळे पोलिसांचे काम अडत नाही; आपली मागणी कोणी तरी तपासू शकेल एवढी जाणीव मात्र मागणाऱ्याला राहते.

आता कोणी म्हणेल, हे सगळे कायद्याचे कीस काढणे झाले. कॅमेऱ्याने गुन्हे कमी होतात की नाही ते बोला. होतात, पण सगळीकडे नाही आणि सगळे नाही. चाळीस वर्षांतल्या ऐंशी मूल्यमापनांचा एकत्रित आढावा २०१९ साली प्रसिद्ध झाला, त्यात कॅमेऱ्यांमुळे गुन्ह्यांत सरासरी तेरा टक्के घट आढळली. सर्वांत चांगला परिणाम वाहनतळांवर दिसला. हिंसक गुन्ह्यांवर लक्षणीय परिणाम दिसला नाही. फ्लोरिडातील गेन्सव्हिल शहराचा अनुभवही असाच सावध करणारा आहे. रात्री उघड्या राहणाऱ्या छोट्या दुकानांवर दरोडे फार पडू लागले, तेव्हा १९८६-८७ मध्ये या शहराने दुकानदारांसाठी नियम केले. त्यांत कॅमेरा होता. पण काचेवरची पोस्टरे काढून आतला गल्ला रस्त्यावरून दिसेल असे करणे, गल्ल्यात थोडीच रोकड ठेवणे, बाहेर भरपूर दिवे लावणे आणि रात्री एकाऐवजी दोन नोकर ठेवणे हेही होते. दरोडे कमी झाले. श्रेय कशाचे यावर वाद झाला. पोलिसांचा कल दोन नोकरांकडे होता, दुकानदारांच्या संघटनेला ते मान्य नव्हते. नोकराचा पगार दर महिन्याला द्यावा लागतो, कॅमेरा एकदाच घ्यावा लागतो, हेही त्यामागे असणार. आपल्याकडच्या नियमांत नेमका तोच स्वस्त भाग उचलला जातो. रात्रपाळीला पंपावर एकटा बसणारा मुलगा एकटाच राहतो, त्याच्या डोक्यावर फक्त कॅमेरा येतो.

२०१९च्या त्या आढाव्यातला एक निष्कर्ष आमच्या म्हणण्याच्या आड येतो, तो लपवून चालणार नाही. नुसते चित्रण साठवणाऱ्या यंत्रणेपेक्षा कोणी तरी प्रत्यक्ष लक्ष ठेवून असलेली यंत्रणा अधिक परिणामकारक ठरते, असे तो सांगतो. मग दुकानांचे थेट प्रक्षेपण पोलिसांकडे का नको? कारण हा परिणाम तारेतून येत नाही. पडद्यासमोर प्रशिक्षित माणूस लागतो आणि त्याने सांगितल्याबरोबर निघणारी गस्तीची गाडी लागते. मुंबईत २६ नोव्हेंबरच्या हल्ल्यानंतर आखलेल्या प्रकल्पातून २०१६ पर्यंत सुमारे ४,७०० कॅमेरे रस्त्यांवर आले. ते सार्वजनिक जागी आहेत, सरकारी खर्चाने आहेत, आणि प्रत्यक्ष देखरेखीचा प्रयोग करायचा तर जागा तीच. त्याच कक्षात हजारो दुकाने, दवाखाने आणि परमिट रूम जोडल्या, तर पाहणाऱ्याचे डोळे तेवढेच राहतील आणि उगाच डोकावण्याची सोय मात्र वाढेल.

दुसऱ्या टोकाची हरकत अशी, की मग सक्तीच नको. ज्याला हवा त्याने कॅमेरा लावावा. हेही आम्हाला पटत नाही, आणि कारण वाराणसीच्या एका हॉटेलात आहे. तेथे २०१० साली एका इटालियन पर्यटकाचा मृत्यू झाला आणि त्याच्या दोन सहप्रवाशांना खुनाबद्दल जन्मठेप झाली. हॉटेलात कॅमेरे होते. चित्रण मात्र न्यायालयापुढे आलेच नाही. जानेवारी २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोघांना निर्दोष सोडताना विचारले की सर्वांत चांगला पुरावा हाताशी असताना तो का दिला नाही, आणि त्याचा दोष फिर्यादी पक्षाच्या पदरात घातला. म्हणजे हॉटेलचा कॅमेरा आरोपीचाही साक्षीदार असतो. पण तो साक्ष देईल की नाही, हे चित्रण कोणाच्या हाती आणि कोणत्या नियमाने जाते त्यावर ठरते. जालना विधानसभा मतदारसंघाच्या २०१४च्या निवडणुकीवरून झालेला खटला याचे आपल्या घरचे उदाहरण. उमेदवारी अर्ज वेळेत आला की नाही हे निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातील चित्रणावरून ठरायचे होते, आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत कायद्याने लागणारे प्रमाणपत्र वारंवार मागूनही मिळत नव्हते. जुलै २०२० मध्ये न्यायालयाने हे प्रमाणपत्र अनिवार्य असल्याचे पक्के केले. आता भारतीय साक्ष्य अधिनियमाखाली ते दोन भागांत द्यावे लागते, एक यंत्र सांभाळणाऱ्याचा आणि एक तज्ज्ञाचा. किती किराणा दुकानदारांना हे ठाऊक आहे? हवालदार येतो, पेन ड्राइव्हवर उतरवून नेतो, कधी सगळा डीव्हीआरच उचलतो. नोंद नसेल, तर वर्षा-दोन वर्षांनी ते चित्रण कुठून आले हे सिद्ध करताना सरकारी वकिलाचीच पंचाईत होते. चित्रण मागण्याची शिस्त आरोपीपेक्षाही तपास अधिकाऱ्याच्या फायद्याची आहे, ती यामुळे.

पोलिसांवर विश्वास नाही का, असा प्रश्न यावर हमखास येतो. विश्वासाची गोष्ट निघालीच आहे तर पोलीस ठाण्यांचीच बघू. २ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने देशातल्या प्रत्येक ठाण्यात, कोठडीत, व्हरांड्यात, आत येण्या-जाण्याच्या वाटेवर आवाजासह चित्रण करणारे कॅमेरे लावण्याचा आणि चित्रण अठरा महिने, अगदीच न जमल्यास निदान वर्षभर, जपण्याचा आदेश दिला. सप्टेंबर २०२५ मध्ये, राजस्थानातील कोठडी मृत्यूंची बातमी वाचून, त्याच न्यायालयाला ठाण्यांमधल्या बंद कॅमेऱ्यांची आपणहून दखल घ्यावी लागली. मिठाईवाल्याला महिन्याभराचे चित्रण दाखवायला लावणारी यंत्रणा स्वतःच्या व्हरांड्यातला कॅमेरा पाच वर्षांत धड करू शकलेली नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतील अत्याचारानंतर राज्याने शाळांना एका महिन्यात कॅमेरे लावण्याचा आदेश काढला. पण त्या शाळेत कॅमेऱ्यांचा अभाव ही अडचण नव्हती. तिथले पंधरा दिवसांचे चित्रणच मिळत नाही, असे तेव्हाच्या शिक्षणमंत्र्यांनी सांगितले होते. आदेश निघाला तो पुन्हा कॅमेरे बसवण्याचा.

तातडीच्या वेळी कागद भरत बसायचे का, हा मुद्दा खरा आहे. मूल पळवले गेले असताना कोणी अर्ज लिहीत बसू नये. अशा वेळी आधी चित्रण पाहावे आणि कारण चोवीस तासांत लिहून द्यावे, एवढे पुरे. लहान दुकानदाराच्या खर्चाचा मुद्दाही खरा. सक्तीचा उंबरठा गर्दीवर आणि धोक्यावर ठरवला, तर वाण्याची टपरी आपोआप त्यातून सुटते. गिऱ्हाइकाने कोणाकडे बघायचे हा प्रश्न मात्र राहतो. २०२३चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा व्यावसायिकावर जबाबदाऱ्या टाकतो, पण केंद्राने अधिसूचित केलेल्या सरकारी यंत्रणांना सूट देण्याची मुभाही त्यातच आहे. दिल्लीकडून या बाबतीत फार आशा धरण्यात अर्थ नाही. राज्याच्या हातात मात्र बरेच आहे. चित्रण मागणाऱ्याचे नाव, हुद्दा, गुन्हा क्रमांक, कोणत्या वेळेचे चित्रण हवे, आणि नेलेली प्रत परत केली की नष्ट केली, एवढ्या पाच गोष्टी छापील पावतीवर लिहायच्या; एक प्रत दुकानदाराकडे, दुसरी ठाण्यात. वर्षाअखेर प्रत्येक आयुक्तालयाने अशा किती पावत्या फाडल्या हा आकडा जाहीर करायचा. याला विधिमंडळात नवा कायदा आणावा लागत नाही. ठाण्यात स्टेशन डायरी आहेच, गृहखात्याचे एक परिपत्रक काढले की काम सुरू होईल.