रस्ता संपतो तिथली लाट

२०२४ सालच्या जुलै महिन्याच्या अखेरीस जगभरच्या वर्तमानपत्रांत एक छायाचित्र झळकले होते. अनेक वाचकांना ते आठवत असेल. समुद्राच्या वर, हवेत, एक तरुण ताठ उभा आहे. एका हाताचे बोट आकाशाकडे. शेजारी पायाला दोरीने बांधलेली त्याची फळी, तीही त्याच्यासारखीच उभी. आमच्या नातवाने ते पाहून विचारले, ‘‘आजोबा, हे खरं आहे की कॉम्प्युटरवर केलंय?’’

खरेच होते. गाब्रिएल मेदिना हा ब्राझीलचा सर्फर. लाटेच्या पोटातून तो बाहेर पडला, परीक्षकांनी त्याला दहापैकी ९.९० गुण दिले, आणि लाटेच्या पाठीवरून बाहेर उडी घेताना जेरोम ब्रुये या छायाचित्रकाराने होडीतून त्याला टिपला. तारीख २९ जुलै. स्पर्धा पॅरिस ऑलिंपिकची. मात्र ठिकाण पॅरिसपासून सुमारे १५,७०० किलोमीटर दूर, प्रशांत महासागरातल्या ताहिती बेटावरचे तेआहुपोओ नावाचे गाव. सर्फिंग करणारी मंडळी त्याला लाडाने ‘चोपू’ म्हणतात. यजमान शहरापासून इतक्या लांब ऑलिंपिक पदकाची स्पर्धा पूर्वी कधी झाली नव्हती. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाच्या कडक विलगीकरण कायद्यापायी घोडेस्वारी स्टॉकहोमला भरवावी लागली होती, तो विक्रम या गावाने मोडला.

नातवाचा प्रश्न सुटला, माझा सुरू झाला. कारण त्या छायाचित्रात एक गोष्ट दिसत नव्हती, आणि आधीच्या वर्षी सारे भांडण तिच्यावरूनच झाले होते. ती म्हणजे परीक्षकांनी बसायचा मनोरा.

ते भांडण समजायचे तर आधी लाट समजून घ्यायला हवी. ताहिती हे ज्वालामुखीचे बेट. समुद्राच्या तळातून वर आलेला डोंगर, त्याचे उतार पाण्याखालीही तसेच सरळ खोल गेलेले. आपल्या कोकण किनाऱ्याला समुद्र हळूहळू खोल होत जातो, त्यामुळे लांबून येणारी लाट तळाशी घासत, दमत किनारा गाठते. ताहितीत तिला दमायला जागाच नाही. मे ते ऑगस्ट हा तिकडचा हिवाळा. त्या दिवसांत न्यूझीलंडच्याही दक्षिणेला वादळे उठतात, आणि त्यांनी हलवलेले पाणी हजारो किलोमीटरचा प्रवास करून सर्व ताकदीनिशी या बेटाच्या प्रवाळभिंतीवर येऊन आदळते. खोल पाणी एकाएकी इतके उथळ होते, की लाटेचा पाय अडतो आणि डोके पुढे फेकले जाते. मधे पोकळ बोगदा तयार होतो. त्या बोगद्यातून फळीवर उभे राहून जायचे, हाच तो खेळ. पडलात तर खाली वाळू नव्हे, धारदार प्रवाळ. २००० साली या लाटेत एका स्थानिक तरुणाचा जीव गेला आहे.

आणखी एक गंमत. डोंगरातून येणाऱ्या नदीचे गोडे पाणी जिथे समुद्राला मिळते, तिथे प्रवाळ जगत नाही. म्हणून प्रवाळभिंतीला त्या जागी खिंड पडते. होड्या त्या खिंडीतून आत-बाहेर करतात, आणि ती जगप्रसिद्ध लाट त्या खिंडीच्या कडेला फुटते. म्हणजे वर पडणारा पाऊस, डोंगर, नदी, प्रवाळ आणि दूरचे वादळ या साऱ्यांनी मिळून ती घडवलेली आहे. चार्ल्स डार्विन १८३५ च्या नोव्हेंबरात ताहितीला आला होता. तिथल्या डोंगरावर चढून त्याने शेजारचे मोरेआ बेट आणि त्याभोवतीचे प्रवाळाचे कडे पाहिले, आणि बेटे खचत जातात तशी प्रवाळभिंत वर वाढत जाते हा त्याचा सिद्धान्त १८४२ साली पुस्तकरूपाने आला. लाटेवर खेळणे तर त्याहून जुने. जोसेफ बँक्स कॅप्टन कुकबरोबर १७६९ साली तिथे गेला, तेव्हा जुन्या होडीचा तुकडा घेऊन फुटत्या लाटांत खेळणारे ताहितीकर त्याने पाहिले आणि रोजनिशीत लिहून ठेवले. तेव्हा हा खेळ ऑलिंपिकने ताहितीला नेला असे कोणी म्हणू नये.

मार्च २०२० मध्ये या गावाची निवड पक्की झाली. फ्रान्सच्या अटलांटिक किनाऱ्यावरची बिआरित्झसारखी ठिकाणे शर्यतीत होती, पण जुलै-ऑगस्टात तिथे लाटेचा भरवसा नसतो. गावाची वस्ती जेमतेम दीड हजार. बेटाला फेरी मारणारा रस्ता इथे येऊन संपतो, पुढे पायवाट. गावातल्या पुष्कळ लोकांना आनंदच झाला होता, हे लक्षात ठेवले पाहिजे.

पुढे आराखडे आले. लाट किनाऱ्यापासून सुमारे अर्धा किलोमीटर आत फुटते, त्यामुळे परीक्षकांना समुद्रातच, प्रवाळावर रोवलेल्या मनोऱ्यात बसावे लागते. जागतिक स्पर्धांसाठी तिथे लाकडी मनोरा उभारण्याची वर्षानुवर्षांची रीत होती. स्पर्धा संपली की उतरवायचा. ऑलिंपिकवाल्यांचे म्हणणे पडले की तो मनोरा सुरक्षिततेच्या नियमांत बसत नाही. म्हणून नवा, ॲल्युमिनियमचा, चौदा टन वजनाचा, चाळीस माणसांचा. पिण्याच्या पाण्यासाठी समुद्राच्या तळाशी नळही टाकायचा. खर्च सुमारे पन्नास लाख डॉलर, म्हणजे आपले चाळीस कोटी रुपये. स्पर्धेचे प्रत्यक्ष खेळाचे दिवस मात्र चार.

१५ ऑक्टोबर २०२३ रोजी गावात मोर्चा निघाला. मच्छीमार, सर्फर, म्हातारी माणसे, पोरेबाळे. विरोधाच्या निवेदनावर पुढे दोन लाखांहून अधिक सह्या जमल्या. प्रवाळ फोडले तर लाट बदलेल ही सर्फरांची भीती, आणि मेलेल्या प्रवाळावर वाढणाऱ्या सूक्ष्म शेवाळामुळे मासे विषारी होतात ही मच्छीमारांची. सिग्वातेरा नावाची ही विषबाधा त्या बेटांवर घरोघर ठाऊक आहे. जुना मनोरा चालत होता, मग नवा कशाला, एवढेच त्यांचे विचारणे होते. नोव्हेंबरात फ्रेंच पॉलिनेशियाचे अध्यक्ष मोएताई ब्रदरसन यांनी स्पर्धा बेटावरच्याच ताहारू या दुसऱ्या किनाऱ्यावर हलवावी असेही सुचवून पाहिले. मग संयोजकांनी मनोऱ्याला कात्री लावली. चौदा टनांचा नऊ टन झाला, माणसे चाळीसवरून तीसच्या आत आली, पाण्याचा नळ रद्द झाला. आणि १ डिसेंबरला, काम कसे करायचे याची चाचणी घेण्यासाठी नेलेला बार्जच प्रवाळावर अडकला. तुटलेल्या प्रवाळाची चित्रफीत जगाने पाहिली. जे होणार नाही म्हणून सांगितले जात होते, ते पहिल्याच दिवशी झाले. काम थांबले, पुन्हा सुरू झाले, आणि २०२४ च्या मार्चमध्ये मनोरा उभा राहिला.

इथवरची हकीकत बहुतेकांनी ‘पर्यावरण विरुद्ध विकास’ या तयार चौकटीत बसवून वाचली. मी तीस वर्षे बँकेत काढली, त्यामुळे मला ती वेगळी दिसते. बँकेत प्रस्तावाइतकाच महत्त्वाचा असतो तो अर्जदाराचा मागचा खातेउतारा. कागद कितीही नेटका असो, जुनी थकबाकी असलेल्या माणसाकडे आम्ही जास्त तारण मागतो. तो चिडतो. ‘‘या वेळी माझा प्रस्ताव चांगला आहे, साहेब,’’ म्हणतो. प्रस्ताव चांगला असेलही. कमी पडते ती पत.

फ्रान्सचा या बेटांवरचा खातेउतारा कसा आहे? अल्जीरियाच्या वाळवंटात अणुस्फोट चालत होते. अल्जीरिया १९६२ साली स्वतंत्र झाला, आणि फ्रान्सने नवी जागा शोधली ती याच पॉलिनेशियात. १९६६ ते १९९६ या तीस वर्षांत मोरुरोआ आणि फांगाताउफा या प्रवाळबेटांवर १९३ अणुचाचण्या झाल्या. पहिली आठ वर्षे तर उघड्या हवेत. १७ जुलै १९७४ च्या स्फोटाचा ढग ताहितीकडे वळला होता. काही धोका नाही, असे लोकांना वर्षानुवर्षे सांगण्यात आले. १९९५ साली अध्यक्ष शिराक यांनी थांबलेल्या चाचण्या पुन्हा सुरू केल्या, तेव्हा ताहितीचा विमानतळ पेटला होता. त्या बातम्या आपण याच पानांवर वाचल्या आहेत. पीडितांच्या भरपाईचा कायदा व्हायला २०१० उजाडले. आणि जुलै २०२१ मध्ये अध्यक्ष माक्राँ ताहितीला जाऊन म्हणाले की पॉलिनेशियाचे देशावर ऋण आहे.

‘ऋण’ हा शब्द त्यांनी वापरला, मी नव्हे. ऋणकोच्या तोंडून कर्जाची कबुली ही कायद्याने मोठी गोष्ट असते. पण कबुलीनंतर दोनच वर्षांनी तोच ऋणको दारात आला आणि म्हणाला, समुद्रात खांब रोवतो, प्रवाळाला काही होणार नाही, आमच्या तज्ज्ञांनी पाहिले आहे. गावाने तारण मागितले, यात नवल काय? नऊ टनांचा मनोरा हा कदाचित खरोखरच मोठा अपाय नसेल. मला तरी वाटते की संयोजकांची सुरक्षिततेची चिंता अगदीच बहाणा नव्हती. परीक्षकांसह मनोरा कोसळला असता तर आपणच त्यांना झोडपले असते. परंतु गावाला आधी विचारून, जुन्या लाकडी मनोऱ्याचे पाय कसे भक्कम करता येतील हे गावातल्याच लोकांबरोबर बसून ठरवून, हे काम होऊ शकले असते. मोर्चा निघाल्यावर पाच टन कमी करता आले. मग ते पाच टन आधी का हवे होते, याचे उत्तर मला कुठल्याही खुलाशात सापडले नाही.

हे मी शहाणपणाने लिहीत आहे असे वाचकांनी समजू नये. कोकणातल्या एका किनाऱ्यावरच्या शाखेत असताना माझ्याकडे बर्फाचा कारखाना आणि त्याला जोडून धक्का असा एक प्रस्ताव आला होता. कागद चोख. सातबारा, कोटेशने, परवाने, सगळे. मंजुरीआधी रापण ओढणारे चार-पाच जण शाखेत आले. ज्या पट्ट्यात ते पिढ्यान्‌पिढ्या रापण लावीत होते, नेमका तिथेच धक्का येणार होता. त्यातल्या वयस्काने माझ्या टेबलावरची फाईल बोटाने दाखवून विचारले, ‘‘सायबानू, ह्या कागदार आमची रापण खंय आसा?’’ मी त्यांना चहा पाजला, आणि हा विषय बँकेच्या अखत्यारीतला नाही असे समजावून सांगितले. ते खरेही होते. शिफारस माझ्या सहीने वर गेली. कर्ज वेळेवर फिटले, माझ्या गोपनीय अहवालात चांगला शेरा आला. रापण तिथून उठली. बदली होऊन निघालो तेव्हा त्या माणसाने एस. टी. स्टँडवर मला पाहिले आणि न बोलता तोंड फिरवले.

असो. तेआहुपोओच्या लोकांकडे निदान एक हत्यार होते. त्यांची लाट जगाला हवी होती. ज्यांच्या समुद्रात नुसतीच मासळी असते, त्यांच्यासाठी दोन लाख सह्या कोण करणार?

तिथले लोक समुद्राचा हिशेब ठेवत नाहीत असेही नाही. ‘राहुई’ नावाची त्यांची जुनी चाल आहे. समुद्राचा एखादा भाग ठरावीक काळ बंद ठेवायचा, मासेमारी करायची नाही, पाण्याला सावरू द्यायचे. २०१४ साली या गावाने आपल्या समुद्राच्या एका भागात राहुई पुन्हा लागू केली होती. म्हणजे ज्या गावाला प्रवाळाचे महत्त्व समजावून सांगायला तज्ज्ञ येत होते, त्या गावाने स्वतःच्या पोटाला चिमटा काढून ते पाणी आधीच राखले होते.

स्पर्धा झाली आणि सुरेख झाली. चोवीस पुरुष, चोवीस स्त्रिया. खेळाडूंसाठी गावात इमारती न बांधता त्यांना ‘आरानुई ५’ या जहाजावर ठेवले गेले. ही सुबुद्धी मनोऱ्याच्या वेळी कुठे गेली होती, कोण जाणे. स्त्रियांच्या बाबतीत तर आणखी एक जुना हिशेब चुकता झाला. ही लाट बायकांना झेपणारी नाही, असे ठरवून २००६ नंतर त्यांची जागतिक स्पर्धा इथून काढून टाकली होती, ती २०२२ साली परत आली. २०२४ च्या मे महिन्यात ती जिंकली वाहिने फिएर्रो हिने, जवळच्या हुआहिने बेटावरच्या मुलीने. ऑलिंपिकमध्ये अमेरिकेची कॅरोलिन मार्क्स पहिली आली.

आणि पुरुषांत सुवर्णपदक मिळाले काउली वास्त या बावीस वर्षांच्या पोराला. ताहितीचा. लहानपणापासून याच लाटेत वाढलेला. अंतिम फेरीत त्याने ऑस्ट्रेलियाच्या जॅक रॉबिन्सनला हरवले. फुटबॉलमध्ये ताहितीचा स्वतःचा संघ आहे, २०१३ साली तो ब्राझीलमध्ये मोठ्या स्पर्धेतही खेळला. पण ऑलिंपिकमध्ये ताहितीला वेगळे स्थान नाही. त्यामुळे पदकतालिकेत ते सुवर्ण फ्रान्सच्या खात्यावर जमा झाले. गावात मात्र रात्रभर कुणी खात्याचा विचार केला नसावा.

२०२८ ची स्पर्धा लॉस एंजेलिसची. तिथले सर्फिंग सान क्लेमेंतेजवळच्या ट्रेसल्स या किनाऱ्यावर ठरले आहे, यजमान शहरापासून मोटारीने तासा-दीड तासाच्या वाटेवर. नातवाने मेदिनाचे ते छायाचित्र कापून अभ्यासाच्या टेबलावर चिकटवले आहे. परवा त्याला मनोऱ्याची गोष्ट सांगितली. त्याने पुन्हा चित्राजवळ तोंड नेले, बराच वेळ कडा न्याहाळल्या, आणि म्हणाला, ‘‘पण आजोबा, तो तर यात कुठेच नाहीये.’’