द्राक्षाचा सौदा खुंटापाशी

दातिवरे : वैतरणा समुद्राला मिळते तेथे वसलेल्या या गावाला खाऱ्या पाण्याची ओळख करून द्यावी लागत नाही. भरती खाडीतून आत शिरते. याच किनाऱ्यावर उत्तरेला डहाणू-घोलवड पट्ट्यात चिकूची कलमे खिरणीच्या खुंटावर बांधण्याची रीत आहे. गिऱ्हाईक फळ पाहते. खुंटाची चौकशी कोणी करीत नाही.

हीच बेफिकिरी घाटावरच्या द्राक्षशेतीला महाग पडली आहे. तेथील खारेपणा समुद्रातून येत नाही, कूपनलिकेतून येतो. फायलोक्झेरा किडीने बागा उद्ध्वस्त केल्यावर युरोपने एकोणिसाव्या शतकात अमेरिकी खुंट स्वीकारले. नाशिक, सांगली, सोलापूरने ते घेतले क्षार आणि अवर्षणापायी. आणि बहुतेकांनी डोळे मिटून एकच निवडला, 'डॉगरिज'.

खुंट म्हणजे नुसता आधार, ही समजूत आता टिकणारी नाही. जोडापाशी दोन्हीकडच्या जलवाहिन्या व रसवाहिन्या सांधल्या जातात. त्यांतून पाणी व अन्नाबरोबर संप्रेरके, प्रथिने आणि संदेशवाहक आरएनएही ये-जा करतात. कलमी द्राक्षवेलींत तीन हजारांहून अधिक जनुकांचे संदेश जोड ओलांडतात, असे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले. पोहोचलेला प्रत्येक संदेश काही घडवतोच असे नाही, आणि थॉमसनची जातही त्यामुळे बदलत नाही; डीएनए ज्याचा त्याचाच राहतो.

क्षारांचा हिशेब मात्र पुरेसा स्पष्ट आहे. मुळांतील 'एचकेटी' कुळातील एक प्रथिन वर चढणाऱ्या पाण्यातून सोडियम परत ओढून घेते, पानांपर्यंत जाऊ देत नाही. या जनुकाचे रूप खुंटागणिक निराळे, म्हणून अडवण्याची ताकदही निराळी, हे २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी दाखवले. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या प्रयोगांतही डॉगरिजच्या तुलनेत '११०-आर' खुंटावरील थॉमसनच्या पानांत सोडियम कमी भरले.

पानांच्या कडा करपू लागल्या की बागायतदार खत बदलतो, फवारणी बदलतो. खुंट बदलायचा तर उभी बागच उपटावी लागते. खुंटरोपे उन्हाळ्याच्या तोंडाशी लागतात, कलम भरले जाते पावसाळा सरताना. म्हणजे वाणाची चर्चा रंगते तेव्हा मुळाचा निर्णय होऊन काही महिने उलटलेले असतात, आणि तोही अनेकदा शेजाऱ्याची बाग पाहून. शेजाऱ्याच्या कूपनलिकेचे पाणी आणि आपले एकच आहे का, हे माती-पाणी परीक्षणाशिवाय कळत नाही. ते परीक्षण खुंटरोपांची मागणी नोंदवण्याआधीच व्हायला हवे.