थ्रेड : बिनोल्याची कोनशिला

२३ मे २०१३. गुडगावजवळ, दिल्ली-जयपूर महामार्गालगतच्या बिनोला गावी तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते भारतीय राष्ट्रीय संरक्षण विद्यापीठाची कोनशिला बसली. दोनशे एकरांहून अधिक जमीन त्यासाठी संपादित झाली होती. त्यानंतर एक दशक उलटून गेले. कोनशिला आहे, विद्यापीठ नाही.

या विलंबाचे खापर सहसा २०१३ नंतरच्या सरकारी संथपणावर फोडले जाते. ते अपुरे आहे, कारण ही कथा त्याहून बरीच जुनी आहे. तिन्ही सेनाप्रमुखांच्या समितीने संरक्षण विद्यापीठाची कल्पना प्रथम मांडली ती १९६७ मध्ये. त्या वर्षी सतराव्या वर्षी खडकवासल्यात दाखल झालेला एखादा छात्र लेफ्टनंट जनरलच्या पदापर्यंत चढला असता, तरी २०१० मध्ये साठी गाठून निवृत्त झाला असता. आणि २०१० हेच ते वर्ष, ज्याच्या मे महिन्यात केंद्रीय मंत्रिमंडळाने या विद्यापीठाला तत्त्वतः मंजुरी दिली. म्हणजे एका अधिकाऱ्याची संपूर्ण कारकीर्द केवळ ‘तत्त्वतः’ या शब्दापर्यंत पोहोचण्यात खर्ची पडली.

मधल्या काळात कारगिल घडले. युद्धानंतर के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या आढावा समितीने राष्ट्रीय सुरक्षेच्या व्यवस्थेतल्या अनेक उणिवांवर बोट ठेवले आणि संरक्षण विद्यापीठाचा विषय पुन्हा पटलावर आला. विद्यापीठाची रूपरेषा आखण्यासाठी पुढे जी स्वतंत्र समिती नेमली गेली, तिचेही अध्यक्ष सुब्रह्मण्यमच होते. फेब्रुवारी २०११ मध्ये ते निवर्तले, तेव्हा बिनोल्यात कोनशिलासुद्धा बसलेली नव्हती.

आता थोडे मागे जाऊ, कारण आपल्याच इतिहासात याच्या अगदी उलट उदाहरणे आहेत.

१९२५ मध्ये नेमलेल्या स्कीन समितीने भारतात सॅन्डहर्स्टसारखी संस्था काढण्याची शिफारस केली. ब्रिटिश सरकारने ती आधी टाळली आणि गोलमेज परिषदेनंतर नाइलाजाने मान्य केली. पण एकदा ठरल्यावर नव्या इमारतीची वाट कोणी पाहिली नाही. डेहराडूनला रेल्वे स्टाफ कॉलेजची वास्तू होती. तीच घेतली आणि १ ऑक्टोबर १९३२ रोजी चाळीस छात्रांची पहिली तुकडी घेऊन भारतीय लष्करी प्रबोधिनी सुरू झाली. त्या चाळिसांत सॅम माणेकशा होते. ज्या सत्तेला हिंदी अधिकारी मनापासून नकोच होते, तिने हे सात वर्षांत केले!

फाळणीत क्वेट्ट्याचे स्टाफ कॉलेज पाकिस्तानकडे गेले. भारताच्या वाट्याला आलेल्यांनी निलगिरीतल्या वेलिंग्टनची लष्करी वसाहत गाठून तेथे वर्ग भरवले. १९६० मध्ये दिल्लीत राष्ट्रीय संरक्षण महाविद्यालय निघाले, तेही तीस जानेवारी मार्गावर आधीपासूनच उभ्या असलेल्या वास्तूत.

आणि खडकवासला. सुदानच्या मुक्ततेसाठी पूर्व आफ्रिकेत लढलेल्या भारतीय सैनिकांच्या स्मरणार्थ तेथील सरकारने १९४१ मध्ये एक लाख पौंड देऊ केले होते. फाळणीनंतर त्यातले सत्तर हजार भारताच्या वाट्याला आले. मुंबई सरकारने सिंहगडाच्या परिसरात, तलावाकाठी विस्तीर्ण जमीन दिली. ६ ऑक्टोबर १९४९ रोजी पंडित नेहरूंनी कोनशिला बसवली आणि १६ जानेवारी १९५५ रोजी उद्घाटनाचा सोहळा झाला. सुदानच्या देणगीची आठवण म्हणून मुख्य इमारतीला ‘सुदान ब्लॉक’ हे नाव मिळाले. नुकतेच फाळणीतून सावरणारे, अन्नधान्यासाठी परदेशाकडे पाहणारे, काश्मीरचे पहिले युद्ध जेमतेम संपवलेले राष्ट्र हे करत होते.

पण खडकवासल्याच्या कथेतला सर्वांत मोलाचा तपशील बांधकामाचा नाहीच. नेहरूंनी कोनशिला बसवली तेव्हा प्रबोधिनीचे प्रशिक्षण आधीच सुरू होते! जानेवारी १९४९ मध्ये डेहराडूनच्या क्लेमेंट टाउनमध्ये तिन्ही दलांच्या छात्रांचा संयुक्त विभाग उघडला होता. अभ्यासक्रम, शिक्षक, शिस्त, परंपरा हे सारे तिथे तात्पुरत्या निवाऱ्यात घडले आणि इमारत तयार झाल्यावर खडकवासल्यात राहायला आले.

ही संस्था उभारण्याची जुनी आणि शहाणी रीत होती. आधी माणसे आणि अभ्यास, मागाहून दगड. बिनोल्यात क्रम उलटला. जमीन आली, कोनशिला आली. संस्था कशी असेल याचा कायदा मात्र झालाच नाही. विधेयकाचा मसुदा लोकांच्या सूचनांसाठी संकेतस्थळावर आला तो ऑगस्ट २०१६ मध्ये, म्हणजे कोनशिलेनंतर तीन वर्षांनी. जे विद्यापीठ कायद्याच्या दृष्टीने अस्तित्वातच नाही, त्याची इमारत कोणी आणि कोणासाठी बांधायची?

कायदा का रखडावा, याचे उत्तर त्या विद्यापीठाच्या स्वरूपात सापडते. त्याचा प्रमुख तीन तारे मिरवणारा सेनाधिकारी असावा, अध्यापकांत लष्करी आणि नागरी यांचे प्रमाण समसमान असावे, विद्यार्थ्यांत सुमारे दोनतृतीयांश सैन्यदलांतले आणि उरलेले इतर सरकारी खाती, पोलीस व नागरिकांतले असावेत, अशी कल्पना होती. कागदावर ही रचना सुंदर आहे. प्रत्यक्षात ती दोन स्वतंत्र सरंजामांना एका वाड्यात नांदायला सांगते. सैन्याला हुकूम कळतो, विद्यापीठाला वाद कळतो. वरिष्ठाच्या मताला भरवर्गात आव्हान देणारा मेजर कोणाच्या शिस्तीखाली येईल, हा विनोद नाही. संस्थेचा आत्मा ठरवणारा प्रश्न आहे. तो न सोडवता वास्तुविशारदाला बोलावणे सोपे होते, एवढेच.

पैसा नव्हता, हे कारण पटणारे नाही. इच्छाशक्ती असेल तेथे याच देशाने याच काळात विद्यापीठे काढली. अंतर्गत सुरक्षेसाठी गांधीनगरचे राष्ट्रीय रक्षा विद्यापीठ २०२० च्या कायद्याने झाले. ते गृह मंत्रालयाच्या अखत्यारीत येते, आणि नावातल्या साम्यामुळे ‘संरक्षण विद्यापीठ झाले की!’ असे अनेकांना वाटते. ती वेगळी संस्था आहे. कारगिलनंतरच्या मंत्रिगटाने सुचवलेले संरक्षण दलप्रमुखांचे पदही २०१९ च्या अखेरीस निर्माण झाले. विद्यापीठ मात्र मागेच राहिले.

शेजारी काय घडले? चीनने आपले राष्ट्रीय संरक्षण विद्यापीठ १९८५ मध्ये उभारले. पाकिस्तानने आपल्या संरक्षण महाविद्यालयाला २००७ मध्ये विद्यापीठाचा दर्जा दिला. अमेरिकेचे १९७६ पासून आहे. विद्यापीठ असले म्हणजे युद्ध जिंकता येते असे नाही. ही तुलना भाबडेपणाने करू नये. परंतु इतिहासाच्या वाचकाने एक नुकसान ओळखायला हवे. १९६२ च्या पराभवाची चिकित्सा करणारा हेंडरसन ब्रूक्स अहवाल सरकारने आजवर अधिकृतपणे खुला केलेला नाही. आपल्या युद्धांचा अभ्यास बहुतांशी निवृत्त सेनानींच्या आठवणी, परकीय ग्रंथ आणि मोजक्या नागरी विद्यापीठांतले विभाग यांवर चालतो. दप्तरखान्यातली कागदपत्रे, सेवेतला अधिकारी आणि प्रशिक्षित इतिहासकार एका टेबलाशी बसतील, अशी जागा या विद्यापीठात निर्माण होऊ शकली असती.

विशेष म्हणजे त्यासाठी बिनोल्यात एक वीटही लागत नाही. ज्या संस्था या विद्यापीठाच्या छत्राखाली यायच्या होत्या, त्या सगळ्या चालू आहेत. खडकवासल्याचा छात्र जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची पदवी घेतो, वेलिंग्टनच्या अधिकाऱ्याला मद्रास विद्यापीठाची मिळते, सिकंदराबादच्या संरक्षण व्यवस्थापन महाविद्यालयाला उस्मानियाची. कायदा झाला, तर या चौघा-पाचांना एका नावाखाली आणून, क्लेमेंट टाउनसारख्या कुठल्याही जुन्या बराकीत पहिला वर्ग पुढच्या सत्रापासून भरवता येईल.